जीन्सचा निळा रंग जातो कुठे?

जबलपूरहून कटनीच्या रस्त्याला लागले की पंधरा-सोळा किलोमीटरवर पनागर येते. जैन मंदिरांचे आणि भोवतालच्या शेतांतल्या हिरव्या वाटाण्याचे हे गाव. बाजारपेठ तशी लहान. पण मोठ्या शहरात जे विकले जाते, ते थोड्याच दिवसांत इथेही येऊन पोहोचते. तयार कपड्यांच्या दुकानांबाहेर जीन्स ओळीने टांगलेल्या असतात. मांड्यांवर फिक्या, गुडघ्यांवर जवळजवळ पांढऱ्या, खिशाच्या कडा विटलेल्या.

कॉलेजात जाणाऱ्या मुलाबरोबर खरेदीला आलेली आई अशा वेळी हमखास विचारते, ‘‘अरे, नवी म्हणतोस आणि हिचा रंग तर पार उडालाय! कुणी वापरून परत केली की काय?’’

मुलगा हसतो. ‘‘आई, ती अशीच मिळते. फॅशन आहे.’’

आईचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मात्र नाही. ही पॅन्ट कुणी घातली नसेल, पण कुणीतरी घासलेली नक्कीच आहे. तिचा रंग आपोआप उडालेला नाही. तो उडवताना कुणाचे तरी हात लागले, पुष्कळ पाणी लागले आणि ते पाणी कुठेतरी वाहून गेले. त्याचा माग काढायचा तर पनागरहून थेट मुंबई गाठावी लागते.

डोंगरीचे जाडेभरडे कापड

मुंबई आणि जबलपूर यांचे नाते जुने आहे. 1870 साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग जबलपूरला कोलकात्याकडच्या मार्गाला मिळाला आणि देशाची दोन टोके आगगाडीने जोडली गेली. आजही महानगरी एक्स्प्रेस मुंबईहून निघून कल्याण, भुसावळ, इटारसी, जबलपूर, कटनी असे करीत वाराणसीला जाते.

ही गाडी जिथून सुटते, त्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंगरी फारशी दूर नाही. आज डोंगरी म्हणजे दाटीवाटीच्या चाळी, अरुंद गल्ल्या आणि सदा वाहता बाजार. पण कपड्यांच्या इतिहासात या वस्तीला मानाचे स्थान आहे. ‘डुंगरी’ नावाचे जाडेभरडे, स्वस्त सुती कापड इंग्रज व्यापाऱ्यांना सतराव्या शतकातच ठाऊक झाले होते. या डोंगरीवरूनच त्याला ते नाव पडले, असे मानले जाते. पुढे त्याच शब्दाचे इंग्रजीत ‘डंगरी’ झाले आणि खलाशांच्या व कामगारांच्या दणकट कपड्यांना ते नाव चिकटले.

‘डेनिम’ हा शब्द फ्रान्समधल्या नीम शहरावरून आणि ‘जीन’ हा इटलीतल्या जेनोआवरून आला, असे सांगतात. अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी 1873 साली खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या रिव्हेट ठोकण्याचे पेटंट घेतले आणि आजच्या जीन्सचा जन्म झाला. नावे परदेशी असली, तरी या पोशाखाच्या कुळात आपल्या मुंबईची एक गल्ली आहे, ही गोष्ट घरातल्या मुलांना जरूर सांगावी.

आतून पांढराच धागा

जीन्सचा रंग उडतो तरी कसा? याचे उत्तर निळीत आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. रासायनिक क्रिया करून ती विरघळती केली, की तिचे पाणी पिवळसर-हिरवे दिसते. सुताच्या लडी त्यात बुडवून बाहेर काढल्या, की हवा लागताच त्या निळ्या होतात. अशा कितीतरी बुडव्या दिल्यावर गडद रंग चढतो. पण तो धाग्याच्या अंगावर बसतो, गाभ्यापर्यंत जात नाही. धागा आतून पांढराच राहतो.

मागावर उभा धागा निळा आणि आडवा धागा पांढरा घेतात. म्हणून जीन्स बाहेरून निळी आणि आतून फिकट दिसते. जिथे घर्षण होते, तिथे वरची नीळ झिजते आणि आतला पांढरा गाभा डोकावू लागतो. बसताना मांड्यांच्या वर पडणाऱ्या चुण्या, गुडघ्यामागच्या घड्या, पाकीट ठेवायचा खिसा या सगळ्यांच्या खुणा हळूहळू उमटतात. दोन भावांनी एकाच ताग्यातली जीन्स शिवून घेतली, तरी वर्षभराने दोघींचे रंग वेगळे दिसतील. सायकलवर हिंडणाऱ्याची बैठकीवर विटेल आणि दुकानात बसणाऱ्याची मांडीवर.

हे सारे न धुतलेल्या, कोऱ्या जीन्समध्ये घडते. असे कापड खळीमुळे पुठ्ठ्यासारखे ताठ असते. 1995 साली अरविंद मिल्सने ‘रफ अँड टफ’ या नावाने न शिवलेल्या जीन्सचे पाकीट बाजारात आणले होते. 195 रुपयांत कापड, चेन, बटण, रिव्हेट आणि मागे लावायची पट्टी मिळे. शिवायचे काम आपल्या नेहमीच्या टेलरकडे. लहान गावांतल्या कितीतरी मुलांची पहिली जीन्स अशी गल्लीतल्या टेलरच्या मशीनवर तयार झाली. तिचा रंग पुढे घालणाऱ्याच्याच अंगावर उडाला.

वालधुनीच्या काठी

दुकानात विटूनच येणाऱ्या जीन्सची गोष्ट वेगळी. ती समजून घ्यायला कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूला दोनच स्टेशने जावे लागते. विठ्ठलवाडी आणि मग उल्हासनगर.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली. 1949 साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. घरदार मागे टाकून आलेल्या या माणसांनी जिद्दीने धंदे उभारले. इथल्या मालावरच्या ‘मेड इन यू.एस.ए.’चा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावणारा विनोद कुणी ऐकला नसेल? पुढे इथे जीन्सचा मोठा धंदा वाढला. कापणे, शिवणे, धुणे, इस्त्री, पॅकिंग. एकेका कामावर शेकडो घरांच्या चुली पेटू लागल्या.

या साखळीतली ‘धुलाई’ म्हणजेच रंग उडवणे. मोठ्या फिरत्या पिंपांत जीन्सबरोबर प्युमिस नावाचा हलका, सच्छिद्र दगड टाकून त्या घुसळतात. कुठे दगडाऐवजी एन्झाइम वापरतात. मांड्या-गुडघे पांढरे करायला पोटॅशियम परमँगनेट फवारतात. वर्षभराची झीज काही तासांत साधते. घासून निघालेली नीळ, रसायने आणि दगडाचा चुरा पाण्याबरोबर बाहेर पडतो.

हे पाणी वर्षानुवर्षे वालधुनी नदीत जात राहिले. अंबरनाथकडून येणारी ही नदी उल्हासनगर आणि कल्याणमधून वाहत उल्हासला मिळते. तिच्याच काठी अंबरनाथचे शिवमंदिर उभे आहे. शिलाहारांच्या काळातले, 1060 सालचे. जिथे नदी पाहून एवढे सुंदर मंदिर बांधावेसे वाटले, तिथे नाकाला रुमाल लावून पूल ओलांडायची वेळ आली. दोष एकट्या जीन्सचा नव्हता. इतर कारखाने आणि शहरांचे सांडपाणीही त्यात होते. पण निळ्या-काळ्या पाण्यात तिचा वाटा उघड दिसत होता.

‘वनशक्ती’ या संस्थेने 2013 साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2017-18च्या सुमारास उल्हासनगरातली शेकडो धुलाई युनिटे बंद झाली. नदीकाठच्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, पण हजारो मजुरांचा रोजगार एका फटक्यात गेला. काही युनिटे आसपासच्या गावांकडे सरकली आणि त्यांच्याबरोबर प्रश्नही सरकला. नदी वाचवावी की पोट? हा पेच तिथल्या माणसांच्या वाट्याला आला. त्यांनी ज्या फॅशनसाठी हे केले, ती मात्र दूरच्या बाजारांत टांगलेली होती.

तुर्कस्तानात तर जीन्सवर वाळूचा मारा करणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत धूळ साचून सिलिकोसिस झाला. कित्येक तरुण दगावले. अखेर 2009 साली तिथल्या सरकारने या पद्धतीवर बंदी घातली.

घरची धुलाई

मग जीन्स घालूच नये का? तसे नाही. गडद निळी, कमीत कमी धुतलेली जीन्स घ्यावी आणि तिचा रंग आपल्याच अंगावर उडू द्यावा. त्यासाठी थोडी काळजी पुरे.

कोरे कापड पहिल्या पाण्यात आटते. शिवून घेणार असाल, तर आधी भिजवून वाळवा. तयार घेताना आटण्याचा अंदाज दुकानदाराला विचारा. सुरुवातीचे काही दिवस तिचा रंग पांढऱ्या चादरीला आणि सोफ्याच्या खोळीला लागतो, म्हणून जपून बसा.

पहिली धुलाई वेगळ्या बादलीत करा. पॅन्ट उलटी करून, थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवा. ब्रश आणि ब्लीच दूर ठेवा. पिळून न काढता सावलीत उलटीच वाळवा. मीठ टाकल्याने रंग पक्का होतो, असा समज घरोघरी आहे. पण ही नीळ मिठाने पक्की होत नाही.

दर वेळी घातल्यावर धुण्याची गरज नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने कोरी जीन्स पंधरा महिने न धुता वापरली. 2011 साली तिची तपासणी झाली, तेव्हा तिच्यावरचे जंतू तेरा दिवस वापरल्यानंतर होते जवळजवळ तेवढेच निघाले. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि घामात इतका धीर धरू नये! पण आठ-दहा वेळा घालून धुतली तरी चालते. मधल्या काळात डाग ओल्या फडक्याने पुसावा आणि रात्री पॅन्ट वाऱ्यावर टांगावी. पाणी वाचते, साबण वाचतो आणि कापडही जास्त टिकते.

पनागरच्या दुकानात परत आल्यावर त्या आईला आता उत्तर देता येईल. विटलेली जीन्स कुणी वापरलेली नसते, तिचे म्हातारपण विकत आणलेले असते. शेजारच्याच हँगरवर गडद निळी पॅन्ट असते. ती आज थोडी साधी दिसते. पण दोन वर्षांनी तिच्यावर मुलाच्या सायकलच्या, त्याच्या अभ्यासाच्या बैठकीच्या आणि खिशातल्या किल्ल्यांच्या खुणा असतील. आणि त्या उमटवण्यासाठी कुणाच्याही गावची नदी निळी करावी लागलेली नसेल.