पारसिकची माती

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये पूर्वेच्या खिडकीशी बसलं की पारसिकचा डोंगर बराच वेळ सोबतीला असतो. पावसाळ्यात त्याच्यावर हिरवं दाटतं, आणि मग एकाएकी ते हिरवं तुटतं. उभी, करडी, उघडी भिंत समोर येते. पुन्हा झाडी, पुन्हा भिंत. या दगडखाणी. पर्यावरण परवान्यांच्या प्रश्नावरून गेल्या दशकात त्यांतल्या अनेक बंद पडल्या. सुरुंगांचे आवाज थांबले, क्रशरची धूळ बसली आणि खड्ड्यांत पाणी साचलं.

ते पाणी देखणं असतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गावतळ्याला काठ असतो. तो हळूहळू उतरतो, त्याच्यावर लव्हाळं उगवतं, पाणकणीस येतं, बगळा पाय बुडवून उभा राहतो, गुरं पाणी पिऊन जातात. खदानीला काठच नाही. पहिल्याच पावलाला खोल. पोहायला गेलेली मुलं तिथे बुडतात ती म्हणून, आणि चिखलात चोच घालणारे पक्षी तिथे रमत नाहीत तेही म्हणूनच. खाली नेरूळच्या पाणथळीत उथळ चिखलात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. वरच्या एवढ्या पाण्याचा त्यांना काही उपयोग नाही.

खड्ड्यात राहिलं ते पाणी दिसतं तरी. निघून गेलेल्याचं काय? इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगरावर माती आणि झाडं होती तिथे तो आधी जिरायचा, काळ्या पाषाणाच्या भेगांतून उतरायचा आणि पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना सावकाश पुरायचा. उघड्या दगडावरून तो थेट धावतो आणि वाटेतली कच, मुरूम, दगडाची भुकटी घेऊन नाल्यात शिरतो. सिडकोने नवी मुंबई शहर आखताना खाडीच्या तोंडाशी धारण तलाव बांधले. भरतीला त्यांची दारं मिटतात, ओहोटीला उघडतात. शहर समुद्रसपाटीच्या इतकं जवळ आहे की पावसाळ्यात त्याची सगळी भिस्त या तलावांवर. ते गाळाने उथळ झाले, गाळात खारफुटी रुजली, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्यामुळे गाळ उपसणंही अवघड होऊन बसलं. नाला डोंगरातूनच येतो. तलावाचा विचार डोंगराला सोडून करता येत नाही.

पण माझ्या मनात जास्त घोळते ती माती. चंद्रपूरकडे कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. तिथे कोळशावरची माती आणि वालुकाश्म काढून बाजूला ढीग घालतात. ते ढीग ओसाड, पण निदान असतात. पद्मापूरच्या अशाच एका ढिगावर नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १० हेक्टरांत प्रयोग केला. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला गाळ हेक्टरी ५० टन मिसळला, जिवाणू खतं आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी दिली, आणि साग, शिसव, कासोद लावले. झाडं जगली. २००८ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

पारसिकला असा ढीगही उरलेला नाही. दगडखाणीत काहीच टाकाऊ नसतं. डबर विकला जातो, खडी विकली जाते, ग्रिट आणि भुकटीही विकली जाते. वरचा मुरूम तर सगळ्यांत आधी गेला. तो कुठे गेला, हे आपण त्याच्यावरच राहत असल्यामुळे सांगता येतं. भातशेतीच्या आणि मिठागरांच्या सखल जमिनी भरावाने उंचावून इथले नोड, म्हणजे शहराचे विभाग, उभे राहिले. विमानतळासाठी उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी फोडली आणि तिचा दगड भरावाला वापरला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा एका पिढीत डोंगरातून खाडीकाठी आला.

याचा दोष खदानीत राबलेल्यांवर टाकणं मला मान्य नाही. घण मारणारे वडार आणि इतर मजूर दुष्काळी मुलखातून पोटासाठी आले. खदानी भाडेपट्ट्याने घेणाऱ्यांत प्रकल्पग्रस्तही होते. ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी संपादित झाल्या. त्याविरुद्धच्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये पाच जण गोळीबारात मारले गेले. शेत गेल्यावर डोंगर उरला होता. दगड मात्र आपण सगळ्यांनी वापरला.

म्हणून माती परत देण्याचं कामही शहराचंच आहे, आणि ते जमण्यासारखं आहे. कोपरखैरणेची जुनी कचराभूमी बंद करून तिच्यावर निसर्ग उद्यान केलं. आज तिथे लोक फिरायला जातात. तुर्भ्यात ओल्या कचऱ्याचं खत होतं, मलप्रक्रिया केंद्रांतून गाळ निघतो, आणि खदानी तिथून लांब नाहीत. तपासून, विषारी धातू नाहीत याची खात्री करून, हे दोन्ही वर न्यायला हवं. उभ्या कड्यांना पायऱ्या पाडायच्या, पाण्याला एक तरी उतरता काठ द्यायचा. आधी वाळा आणि मारवेल लावायचा, त्यांच्या मुळांत कच अडू द्यायची, मग करवंद, मग ऐन. जूनमध्ये दगडात खड्डे घेऊन थेट रोपं लावण्याचा सोहळा तेवढा बंद करावा. मातीवाचून ती रोपं मार्चपर्यंत टिकत नाहीत.