चांद्याचें भिंग

चंद्रपुरास, म्हणजे जुन्या चांद्यास, बाहेरचे लोक जातात ते बहुधा ताडोब्याच्या वाघासाठीं, नाहींतर चैत्रांत महाकालीच्या यात्रेसाठीं. मी गेल्या कार्तिकांत गेलों तो कांचेच्या एका वस्तूसाठीं.

तेथील एका वृद्ध गृहस्थांस आपल्या वडिलांच्या कॅमेऱ्याचें भिंग विकावयाचें होतें. घरचीं मंडळी त्यांना आप्पा म्हणत. मीहि येथें तसेंच म्हणतों. भिंग येना येथील कार्ल झाइस कारखान्याचें, बायोटार जातीचें. केंद्रांतर ७५ मिलिमीटर आणि तोंड १.५ इतकें मोठें. बायोटारची रचना विली मेर्टे यांची. हा ७५ मिलिमीटरचा प्रकार दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर निघाला आणि युद्धानंतरहि कांहीं वर्षें बनत होता. आज तो दुर्मिळ आहे, आणि जोडकडी लावून नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर चालतो, म्हणून त्यास गिऱ्हाइकेंहि पुष्कळ. आप्पांनीं सांगितलेली किंमत मात्र बाजारभावाच्या एक तृतीयांशच होती. ती ऐकून मला प्रथम आनंद झाला, मग संशय आला, आणि शेवटीं थोडी लाजहि वाटली.

नागपूरहून निघालें म्हणजे वरोरा, भांदक मागें टाकून गाडी चंद्रपुरास येते. गोंड राजांच्या या राजधानीभोंवतींचा दगडी कोट अजून पुष्कळसा उभा आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे त्याचे चार दरवाजे. हत्तीस दाबून धरणाऱ्या सिंहाचें राजचिन्ह त्यांवर कोरलेलें दिसतें. आप्पांचें घर या कोटाच्या आंतच आहे. मे महिन्यांत येथें पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो, त्यापाठोपाठ धो धो पाऊस येतो, आणि कोळशाच्या खाणींची बारीक धूळ तर बारमाही. भिंगाचे तिन्ही वैरी येथें एकत्र नांदतात. उन्हानें आंतलें वंगण पातळ होऊन पसरतें, दमट हवेनें कांचेवर बुरशी धरते, आणि धूळ फिरत्या आट्यांत जाऊन बसते. म्हणून भिंग पाहण्यापूर्वीं तें कोठें राहिलें हें विचारावें. आप्पा म्हणाले, "लांकडी कपाटांत, कापडांत गुंडाळून." उत्तर कांहीं फारसें धीर देणारें नव्हतें.

चहा झाल्यावर खोलींत अंधार करून मीं भिंगामागें विजेरी धरली. हें काम घाईनें करूं नये. समोरून, मागून आणि तिरकें असें तीन वेळां पाहावें. पुढच्या कांचेवर बारीक ओरखडे दिसले. जुन्या भिंगांवरील लेप मऊ असतो, पुसतां पुसतां असे ओरखडे पडतातच, आणि चित्रास त्यांचा फारसा उपद्रव होत नाहीं. आंत धुळीचे दोन-चार कण होते, तेहि क्षम्य. पात्यांवर तेलाची चमक होती, परंतु हें भिंग हातानें मिटवावयाचें असल्यामुळें पातीं मंदावण्याची भीति नव्हती. या भिंगांत सहा कांचा असून त्यांपैकीं दोन जोड्या चिकटविलेल्या असतात. चिकटा सुटला म्हणजे कडेला इंद्रधनुष्यासारखे डाग दिसतात. ते नव्हते. मागच्या बाजूस मात्र कोळ्याच्या जाळ्याची अस्पष्ट खूण दिसली. बुरशी गेलेली होती, पण तिनें खाल्लेली जागा उरली होती. शिवाय मागच्या कडीच्या खांचेंत हत्याराचा एक ओरखडा चमकला. तो मीं मनांत ठेवला.

रात्रीं आप्पांनीं वडिलांचा आल्बम दाखविला. ते वनखात्यांत होते. आलापल्लीचे साग, वैनगंगेवरच्या नावा, घरचीं लग्नें, मुंजी सारें त्यांत होतें. पुढच्या पुढच्या पानांवर मंडळी नेहमीं चौकटीच्या उजव्या अर्ध्यांत बसलेलीं होतीं. ही त्यांची आवड असावी असें मला वाटलें.

दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं विलायतेहून आणलेला कॅमेरा वाटाण्याच्या रोपाच्या वाढीवर चालवून पाहिला होता. यंत्राची खरी परीक्षा कामांतच होते. दुसऱ्या दिवशीं आप्पांच्या नातवास बरोबर घेऊन मी मार्कंड्यास निघालों. मूल, सावली सोडून वैनगंगा ओलांडली कीं गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ पर्यंत हा सारा मुलूख चांद्याच्याच जिल्ह्यांत होता. चामोर्शीजवळ नदीच्या डाव्या तीरावर मार्कंडेश्वराचीं देवळें आहेत. नदी येथें उत्तरेकडे वळते, म्हणून स्थानाचें माहात्म्य विशेष. महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. भिंतींवर मूर्तींचे थरावर थर आहेत. पुरातत्त्व खात्याच्या स्थळीं तिपाईस परवानगी लागते, म्हणून हात अंगाशीं आवळून धरून मीं चित्रें घेतलीं.

तोंड पूर्ण उघडें ठेवून एका अप्सरेचा चेहरा टिपला. नाकाची कड तेवढी रेखीव, बाकी दगड धुक्यांत विरावा तसा मऊ. नदीकांठीं नातवास उभा केला, तर त्याच्यामागचीं पानें आणि त्यांतून झिरपणारें ऊन त्याच्याभोंवतीं भोंवऱ्यासारखें फिरलें. गणितानें पाहिलें तर हा भिंगाचा दोषच. पण लोक बायोटार घेतात तें याच दोषाकरितां. तो दोन्ही बाजूंस सारखा असतो, म्हणून त्यास मी स्वभाव म्हणतों.

परततांना चित्रें चाळूं लागलों तों मन चरकलें. प्रत्येक चित्रांत डावीकडच्या मूर्ती उजवीकडच्यांहून पुसट होत्या. कदाचित् मीच वांकडा उभा राहिलों असेन. त्याची शहानिशा सोपी आहे. संध्याकाळीं पठाणपुऱ्याजवळ कोटाच्या सपाट भिंतीसमोर उभें राहून एक चित्र सरळ घेतलें आणि दुसरें कॅमेरा उलटा धरून. चूक उभें राहण्याची असती तर अस्पष्टपणा भिंतीच्या त्याच टोंकास राहिला असता. तो दुसऱ्या टोंकास गेला. म्हणजे व्यंग भिंगांतच होतें. एखादी कांच तिरपी बसली होती.

घरीं येऊन मीं आप्पांना विचारलें, "हें कधीं उघडलें होतें काय?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एका पावसाळ्यांत आंत बुरशी आली, तेव्हां वडिलांनीं घड्याळें दुरुस्त करणाऱ्याकडून पुसून घेतलें होतें. मी लहान होतों. त्यानंतर ते म्हणत, डावी बाजू भुरी येते. म्हणून आम्हांला उजवीकडे बसवीत."

आल्बम अजून मेजावरच होता.

आतां बोलणें माझ्याकडे आलें. व्यंग दाखवून किंमत आणखी पाडणें सोपें होतें, आणि तसा मोह झाला नाहीं असें मी म्हणणार नाहीं. परंतु परीक्षा करणाऱ्यानें विकणाऱ्याच्या अज्ञानाचा लाभ घेतला तर ती परीक्षा कसली? मीं दोन्ही गोष्टी सांगितल्या. निर्दोष असतें तर या भिंगास त्यांनीं सांगितल्याच्या तिप्पट किंमत आली असती; या व्यंगासह दुप्पट येईल. जाणत्या कारागिराकडून कांच सरळ बसवून घेतां येईल, पण तो खर्च आणि धोका घेणाऱ्याचा.

आप्पांनीं सुनेकडे पाहिलें. ती म्हणाली, "बाबा, दुप्पटच घ्या, त्यांनीं आपण होऊन सांगितलें आहे." त्याप्रमाणें व्यवहार झाला.

निघण्यापूर्वीं मीं त्याच भिंगानें घरच्या सर्वांचें एक चित्र घेतलें. उजवीकडे सरका असें मला सांगावें लागलें नाहीं. आप्पा आपणहून त्या बाजूस जाऊन बसले.