पाणी जमलंय

इथे अमेरिकेत घरी बिअर करायला लागल्यापासून मित्रमंडळींत माझा भाव बराच वधारलाय. बाबांना मात्र यातलं काही सांगितलं नव्हतं. ते कट्टर निर्व्यसनी. नोकरी नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात झालेली. पण ते इकडे राहायला आले आणि गॅरेजमधली पिंपं काही लपली नाहीत. ते काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं.

तर झालं असं, की नेमकी तेव्हाच एक खेप बिघडली. पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर बिअर, आणि वास थेट दवाखान्याचा! मी यीस्टच्या नावाने बोटं मोडत बसलो. बाबा दारातूनच म्हणाले, "पाण्यात काय घालतात इथे?"

"क्लोरीन. पण मी उकळून घेतो ना."

"नक्की क्लोरीनच?"

शहराच्या पाण्याचा अहवाल काढला, तर क्लोरामीन! क्लोरीन आणि अमोनियापासून होणारं. नळातून लांबवर टिकावं म्हणून घालतात, त्यामुळे उकळूनही सहज जात नाही. बिअरमधल्या फिनॉलशी गाठ पडली की हा वास. उपाय साधा: मेटाबायसल्फाइटची कॅम्पडेन गोळी, २० गॅलनला एक. मला पाव पुरे.

पुढच्या खेपेची गोळी बाबांनीच कुटली. बिअर तयार झाल्यावर ग्लास नाकाशी नेला, न पिता खाली ठेवला.

"पाणी जमलंय," म्हणाले.