चाकाची कड वाकली तर



दारात मोटार आली की आपण तिला हळदकुंकू लावतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पण पुढे वर्षभर त्या चाकाकडे वाकून कोण पाहतो?

बैलगाडीच्या चाकाची गोष्ट वेगळी होती. धाव ढिली झाली की गाडी खडखडून स्वतःच सांगायची. मग लोहार गोवऱ्यांच्या आगीत धाव लालभडक तापवायचा. तापून वाढलेली धाव लाकडी चाकावर चढवून वर पाणी ओतले की ती आक्रसायची आणि सगळे आरे आवळून धरायची. तेव्हापासून आपल्या मनात पक्के बसले आहे, की लोखंड तापवा, ठोका, काम झाले. मोटारीच्या चाकाला मात्र हा न्याय सरसकट लावू नका.

गेल्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांनी आमचा रस्ता उखडला होता. धाकट्या भाऊजींची गाडी एका खड्ड्यात दणकन आदळली. त्यानंतर रोज सकाळी एक चाक बसलेले दिसे. पंक्चर काही सापडेना. शेवटी साबणाचे पाणी लावून पाहिले, तर बुडबुडे टायरमधून नव्हे, रिमच्या आतल्या कडेतून येत होते. कड वाकली होती. बिनट्यूबच्या टायरची कड रिमला घट्ट चिकटून बसते म्हणूनच हवा टिकते. तिथे जरा वाट मिळाली की हवा निसटते.

त्याच आठवड्यात वन्संना बाळंतपणासाठी आणायचे होते. मामंजी म्हणाले, "लोहाराकडे ने, दोन घणात सरळ होईल." पंक्चरवाला म्हणाला, "ट्यूब टाकतो, खुशाल जा." मी म्हटले, "मामंजी, पोटुशी लेक बसणार आहे गाडीत. एक दिवस उशीर होऊ द्या."

तालुक्याला रिम उघडून घासली, तेव्हा वाकल्या जागी केसाएवढी चीर दिसली. ट्यूबने हवा थांबली असती, चीर थांबली नसती. ती रिम भंगारात गेली, नवी बसवली आणि वन्सं एक दिवस उशिरा, पण सुखरूप घरी आल्या.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा. पत्र्याची, म्हणजे पोलादी रिम कडेला थोडी वाकली असेल, तर टायर उतरवून यंत्रावर ती सरळ करता येते. चीर दिसली, तर मात्र वेल्डिंग न करता रिम बदला. चकचकीत अलॉयची रिम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. ती ठोकली तर तडकते, तापवली तर तिचा कणखरपणा जातो. आणि टायर चढवलेल्या रिमला आच कधीच देऊ नका. हवा काढलेली असली तरी टायर फुटून माणूस दगावू शकतो.

स्टिअरिंग थरथरू लागले, हवा वारंवार कमी होऊ लागली किंवा टायरच्या बाजूला फुगा आला, तर थांबा. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेले. तो टायर पुन्हा वापरू नका. रिम सरळ केल्यावर चाकाचे बॅलन्सिंग करून घ्या.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हवा. ती कमी असली की खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो. किती हवा भरायची, ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. पंधरवड्यातून एकदा, चाके थंड असताना, स्टेपनीसकट हवा तपासा. चाक बसवताना नट समोरासमोरचे आवळत जा आणि पन्नासेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पान्हा लावून पाहा. ही कामे घरातल्या मुलीसुनांनाही सहज जमतात. त्यांनाही शिकवून ठेवा.