पेढा आणि डिव्हिडंड

गुंतवणुकीतलं मला कळतं, असा आमच्या सोसायटीत समज आहे. मी बँकेत कारकून आहे, एवढंच त्याचं कारण. आचाऱ्याच्या घरी रोज पंगत उठते, असं समजण्यातलाच हा प्रकार. दिवसभर दुसऱ्यांच्या लाखांचे आकडे पाहिल्यावर संध्याकाळी स्वतःच्या हजारांकडे बघवत नाही.

तरीही बी. कॉम.ची लाज राखावी म्हणून मी एका सिगारेट कंपनीचे शंभर शेअर घेतले. माणूस एक वेळ भाजी सोडील, पण सिगारेट सोडणार नाही, हे अर्थशास्त्र मला कॉलेजात शिकावं लागलं नाही. ते आमच्या नानांनी घरातच शिकवलं होतं.

पहिला डिव्हिडंड जमा झाला त्या दिवशी मी पेढे आणले. आईनं विचारलं, "कसले रे?" खातेदाराला समजावतो तसं मी तिला सारं समजावलं. कंपनी कसली ते कळल्यावर तिनं हातातला पेढा वाटीत ठेवला.

"म्हणजे नानांनी चाळीस वर्षं भरलं, ते आता तुला परत मिळतंय म्हण की!"

नानांची शेवटची दोन वर्षं खोकण्यात गेली. रात्री दोनला खोकला सुरू झाला की आई उठून त्यांची पाठ चोळायची आणि मी कूस बदलायचो.

पेढा दोन दिवस वाटीत तसाच होता. तिसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या आणि मी शेअर विकले.

आमच्या काउंटरवरचे शेअरपंडित हळहळले. "अरे, तू विकलेस म्हणून कंपनीचं काय वाकडं झालं? बाजारात तुझा शेअर दुसरा कोणी तरी घेतो. कंपनीच्या तिजोरीतला रुपयासुद्धा हलत नाही." शंभर टक्के खरं. हे पटवून देण्यासाठी त्यांनी स्वतःच शंभर शेअर घेतले.

मग मी सज्जन कंपन्यांच्या शोधात निघालो. पर्यावरण, समाज आणि कारभार बघून पैसे गुंतवणारे फंड असतात. त्यांना ईएसजी म्हणतात. सेबीनं तर २०२२-२३ पासून पहिल्या १००० मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना या तिन्हींचा अहवाल सक्तीचा केला आहे. म्हणजे सज्जनपणासुद्धा आता फॉर्म भरूनच सिद्ध करायचा!

एका फंडाची यादी उघडली, तर वरच्या ओळींत बँका आणि कॉम्प्युटर कंपन्या. धुराडं नाही म्हणून बँका पुण्यवान! आमच्या शाखेचा कारभार रोज पाहणाऱ्याला हे पचणं कठीण. शरियतच्या नियमांनी चालणारे फंडही पाहिले. तिथं दारू आणि तंबाखू वर्ज्य, आणि व्याजाचा धंदा म्हणून बँकाही वर्ज्य. म्हणजे एका यादीत मी सज्जन, तर दुसरीत मी आणि सिगारेट एकाच रांगेत.

मग लोक असे पैसे का गुंतवतात? १९०७ साली टाटांच्या पोलाद कारखान्याला लंडनमध्ये भांडवल मिळेना, म्हणून शेअर इथंच विक्रीला काढले. दिवस स्वदेशीचे. मुंबईत झुंबड उडाली आणि तीन आठवड्यांत सुमारे ८००० भारतीयांनी भांडवल उभं केलं. त्या गर्दीत देशभक्त होते, तसे डिव्हिडंडवर डोळा ठेवणारेही असणार. बहुधा एकाच धोतरात दोघंही.

माझ्या पायजम्यातही दोघं आहेत. ईएसजी फंड घेतला खरा, पण आधी त्याचा तीन वर्षांचा परतावा तपासून. परतावा वाईट असता तर माझी सद्सद्विवेकबुद्धी किती दिवस टिकली असती, हे मी स्वतःला विचारलेलं नाही. इतरांच्या कामगिरीबद्दल मला सांगता येणार नाही. माझी सामाजिक जबाबदारी मात्र एका पेढ्यापासून सुरू झाली.

फंडाचा कागद आईला दाखवला. चष्मा न लावताच तिनं विचारलं, "यात कुणाचा खोकला नाही ना रे?"

मी यादी पुन्हा वाचली. अकराव्या ओळीत एक सिमेंट कंपनी होती.

"नसावा," मी म्हणालो.

ती "बरं" म्हणाली. या वेळी मी पेढे आणले नव्हते.