घोडा पाहावयास जाताना

सारंगखेड्याच्या यात्रेत गिऱ्हाईक घोड्याचे भोवरे पाहते. इंग्लंडात आधी पारपत्र मागावे. ऑक्टोबर २०२० पासून येथे घोड्याच्या अंगी मायक्रोचिप सक्तीची आहे. तिचा क्रमांक पारपत्राशी जुळलाच पाहिजे.

मुलीसाठी घोडी पाहावयास गेलो असता मी विचारले, "ही का विकता?" उत्तर येण्यास विलंब लागला. कुरणात सहज धरू देते काय, मोटारींना बुजते काय, आम्ही येण्यापूर्वी तिला दौडविले तर नाही ना? अंग तर गरम लागत होते. पशुवैद्याकडून रक्त तपासून घेऊ, म्हणताच किंमत उतरली. वेदनाशामक औषध टोचून लंगडेपणा लपविता येतो, रक्तात मात्र ते सापडते.

तिचे दात पाहताना मन ओशाळले. मॉरिशसच्या जहाजावर चढण्यापूर्वी आमच्या पणजोबांचीही अशीच तपासणी झाली होती. प्रश्न विचारण्याची सोय त्यांना नव्हती.

घोडी आम्ही घेतली नाही.