पानिपतातले घर

काही गावांची नावे भाषेत शिरतात आणि नकाशावरचे आपले स्थान हरवून बसतात. पानिपत हे तसेच नाव. कोणी धंद्यात बुडाला, कोणाचा बेत फसला, की आपण सहज म्हणतो, 'त्याचे पानिपत झाले.' १४ जानेवारी १७६१ रोजी अहमदशहा अब्दालीने सदाशिवरावभाऊंच्या सैन्याचा पराभव केला. सैन्याबरोबर असलेल्या बायकामुलांची आणि यात्रेकरूंची वाताहत झाली. हे दुःख महाराष्ट्राच्या मनात इतके खोल रुतले, की त्या गावात आजही माणसे राहतात, मुले शाळेत जातात, घरे विकली आणि घेतली जातात, याचे आपल्याला भान राहत नाही.

म्हणूनच माझ्या भाचीने पानिपतात सदनिका घेण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा घरात शांतता पसरली. ती आणि तिचे यजमान तेथेच नोकरीला. शहर दिल्लीपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर, राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणारे. व्यवहार सरळ होता. पण ऐंशी ओलांडलेली माझी आई एवढेच म्हणाली, "पानिपतात घर? अगं, तिथून आपली माणसं परत आली नाहीत." भाचीने उत्तर दिले नाही. आयुष्यभराची पुंजी घालून घ्यायचे घर आजीच्या मनाविरुद्ध घ्यावे, हे तिला पटत नव्हते.

घर पाहायला मी तिच्याबरोबर गेलो. 'नूतनीकरण केलेली सदनिका, कुटुंबासाठी उत्तम वस्ती,' असे जाहिरातीत म्हटले होते. ते खोटे नव्हते. समोर बाग होती, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती, आणि हिवाळ्याच्या उन्हात बायका विणकाम घेऊन बसल्या होत्या. आत नवी फरशी, नवा ओटा, भिंतींना नवा रंग. दलालाला चटईक्षेत्राचे आकडे तोंडपाठ होते. मला गंमत वाटली. पानिपत हे तर सतरंज्या विणणाऱ्यांचे शहर! चटई किती मोठी अंथरता येईल, हे तो सांगू शकत होता. तिच्यावर बसायला कोण येईल, हे मात्र कोणत्याच मापात सांगता येत नाही.

तेवढ्यात शेजारच्या सज्ज्यातून एका वृद्ध बाईंनी चौकशी केली. फाळणीच्या वेळी, १९४७ मध्ये, त्या आईच्या कडेवर बसून पश्चिम पंजाबातून येथे आल्या होत्या. येथील मुसलमान कुटुंबे तिकडे गेली होती, आणि तिकडचे निर्वासित इकडे येत होते. त्यांच्या वाट्याला आलेल्या रिकाम्या घरात चूल नुकतीच सारवलेली दिसत होती. "आईने आधी त्या चुलीला हात जोडले, मग विस्तव पेटवला," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी आमच्या सज्ज्याच्या नव्या जाळीकडे बोट दाखवले. जुन्या जाळीत मधला एक गज नव्हता. मुलांकडे कॅनडाला गेलेल्या आधीच्या मालकीणबाई आणि त्या, दोघी तेथून वाट्यांची देवघेव करीत. नूतनीकरणात ती फट बुजली होती. "घर सुंदर झालं, बेटी, पण आमची वाट बंद झाली."

परतताना आम्ही एक कारखाना पाहिला. देशोदेशीचे टाकून दिलेले लोकरी कपडे पानिपतात येतात. त्यांच्या गुंड्या आणि चेनी काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, कापड पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटे विणतात. लाल कपड्यांचे सूत लालच निघते. ते नव्याने रंगवण्याची फारशी गरज पडत नाही. जुन्याचा रंग राखूनही वस्तू नवी होते, हे या शहराला कोणी शिकवायला नको.

भिंतींची ओल, पाण्याची टाकी, कागदपत्रे, सारे तपासून भाचीने घर घेतले. पहिल्याच आठवड्यात तिने जाळीचा मधला गज कापून घेतला. हे ऐकून आई काहीच बोलली नाही. जानेवारीत मात्र तिने तिळाच्या लाडवांचे दोन डबे पाठवले. एकावर नातीचे नाव होते. दुसऱ्यावर नुसते 'शेजारी' असे लिहिले होते. १३ तारखेला लोहडीच्या रेवड्या त्या फटीतून इकडे आल्या, आणि १४ तारखेला संक्रांतीचा तिळगूळ तिकडे गेला. दोहोंत तीळ तोच.

त्याच दिवशी शहराबाहेर काला आंब येथील स्मारकापाशी महाराष्ट्रातून आणि हरियाणातून आलेली माणसे १७६१ च्या वीरांना वंदन करीत होती. ते स्मरण हवेच. परंतु जेथे आपली माणसे पडली, तेथे शेजार जोडून नांदणे, हेही त्यांचे स्मरणच आहे. घर विकत घेता येते. शेजार मात्र वाटीवाटीने जोडावा लागतो.